टॉमी जॉन: डॉक्टर की पेशंट?

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याचा मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल टीममधे पिचर आहे. दोनेक महिन्यांपूर्वी पोराचं कोपर दुखायला लागलं, मग एमआरआय झाला, आणि त्या रात्री मला ठाण्याहून मावशीचा फोन. "अरे तिकडे म्हणतायत टॉमी जॉन करावं लागेल कदाचित. हा टॉमी जॉन चांगला डॉक्टर आहे का रे? जरा नेटवर बघ ना."

मी आधी हसलो, पण मग लक्षात आलं की मावशीची काही चूक नाही. ऑपरेशनला माणसाचं नाव असेल तर तो डॉक्टरच असणार असं कुणालाही वाटेल, अमेरिकेतसुद्धा कित्येकांना वाटतं. तर मावशी, टॉमी जॉन हा पेशंट. डावखुरा पिचर, २६ सीझन खेळला, २८८ मॅचेस जिंकल्या (बेसबॉलमधे मॅचचा निकाल पिचरच्या नावावर लिहितात), आणि आज त्याचं नाव घेतलं की लोकांना फक्त कोपर आठवतं. हे जरा अन्यायाचंच आहे म्हणून म्हटलं बसून नीट लिहावं, कोपराचंही आणि माणसाचंही.

बेसबॉल माहीत नसेल तर एवढंच डोक्यात ठेवा. पिचर म्हणजे बॉलर, आणि तो जो बॉल टाकतो त्याला पिच म्हणतात, आपल्या खेळपट्टीशी काही संबंध नाही. बॉल टप्पा न पडता सरळ बॅटरकडे जातो, अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या २२ यार्डांपेक्षा थोडं कमीच. रनअप नाही. एका छोट्या उंचवट्यावर उभं राहायचं, एक पाय उचलायचा, आणि सगळी ताकद एका झटक्यात हातातून काढायची. फास्ट बॉलरला वीस पावलं धावून जो वेग मिळतो तो इथे खांदा आणि कोपरातून पिळून काढावा लागतो, सगळी भानगड तिथेच आहे.

टॉमी जॉन २२ मे १९४३ चा, इंडियाना राज्यातल्या टेर होट गावचा. १९६१ मधे क्लीव्हलंडच्या टीमने घेतला, सप्टेंबर १९६३ मधे मोठ्या लीगमधे पहिल्यांदा उतरला, पण तिथे काही जमलं नाही. १९६५ पासून शिकागो व्हाइट सॉक्स, तिथे सात वर्षं बरी गेली, आणि डिसेंबर १९७१ मधे त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सला देऊन टाकलं. देऊन टाकलं म्हणजे शब्दशः अदलाबदल, त्याच्या बदल्यात शिकागोने डिक अ‍ॅलन नावाचा तगडा बॅटर घेतला. (हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.)

तो वेगवान पिचर कधीच नव्हता. त्याचं हत्यार सिंकर, म्हणजे बॅटरजवळ येता येता खाली बसणारा बॉल. बॅटर मारतो पण बॅटच्या खालच्या बाजूला लागतो, बॉल जमिनीवरून सरपटत जातो, फील्डर उचलून फेकतो, आउट. दिसायला एकदम साधं काम, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात असं काही नाही. आपल्याकडे कसं एखादा डावखुरा स्पिनर दिवसभर एका टप्प्यावर बॉल टाकत बसतो आणि संध्याकाळी बघावं तर चार विकेट घेतलेल्या असतात, तसला माणूस. आणि माझं स्वतःचं मत असं की पुढे जे काही झालं त्यात त्याच्या या स्वभावाचा मोठा हात होता, नुसती डॉक्टरची करामत नव्हती.

आता कोपर. उजव्या हाताने तुमच्या डाव्या कोपराची आतली बाजू चाचपून बघा, अंगाकडची. एक टोकदार हाड लागेल. टेबलाच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ते तिथलंच, कारण त्या हाडाच्या मागूनच अल्नर नावाची नस जाते. त्या टोकापासून खाली हाताच्या आतल्या हाडापर्यंत एक छोटी चिवट पट्टी असते, तिला अल्नर कोलॅटरल लिगामेंट म्हणतात, डॉक्टर नुसतं यूसीएल म्हणतात. लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारी दोरी. टेंडन वेगळं, ते स्नायूला हाडाशी बांधतं. हा फरक पुढे लागणार आहे.

या यूसीएलचं काम एकच, कोपर बाहेरच्या बाजूला उघडू द्यायचं नाही. रोजच्या जगण्यात ते काम जवळजवळ शून्य आहे, भाजीची पिशवी उचलताना, गाडी चालवताना, कपडे वाळत घालताना त्याला काही पत्ताही नसतो. तुटलं तरी माणूस आरामात नोकरी करू शकतो, कदाचित कळणारही नाही. पण पिच टाकताना काय होतं बघा. हात डोक्यामागे जातो, कोपर वाकलेलं, आणि अंग पुढे निघालेलं असतं पण हात अजून मागेच राहिलेला असतो. त्या क्षणी खांदा हाताला पुढे फिरवायला लागतो, सेकंदाला ७००० अंशांच्या आसपास वेगाने. म्हणजे त्याच वेगाने फिरत राहिला तर सेकंदाला १९-२० फेरे. घरातला पंखा पाचावर ठेवला तरी सेकंदाला सहाच्या आसपास फिरतो. आणि हे सगळं होत असताना कोपराची आतली बाजू फाकायला बघते.

हा ताण मोजलेला आहे, साधारण ६४ न्यूटन-मीटर. ढोबळ हिशोब केला तर हात आडवा धरून पंजाला वीसेक किलोचं पोतं बाजूने लटकवावं तसं काहीतरी. आणि प्रयोगशाळेत मृतदेहांच्या कोपरावर तपासलं तर हे लिगामेंट ३२-३४ न्यूटन-मीटरलाच तुटतं. मग एकेका मॅचमधे शंभर बॉल टाकणाऱ्याचं का तुटत नाही? कारण आजूबाजूचे स्नायू आवळून उरलेला भार उचलतात, आणि हाडांची रचनाही थोडा आधार देते. म्हणजे प्रत्येक बॉलला लिगामेंट त्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर असतं, आणि स्नायू दमले, उशिरा आवळले, की सगळा भार त्या बिचाऱ्या पट्टीवर. जुन्या नायलॉनच्या दोरीचे धागे कसे एकेक सुटत जातात, बाहेरून दोरी धडधाकट दिसते आणि एक दिवस बादली विहिरीत, तसं.

टॉमी जॉनची बादली १७ जुलै १९७४ ला पडली. डॉजर स्टेडियम, समोर माँट्रियल एक्सपोज. सीझन कसा चालला होता तर १३ जिंकलेल्या ३ हरलेल्या, सरासरी २.५९, म्हणजे दर नऊ इनिंगला अडीचच्या आसपास रन्स, हे फारच भारी. समोर हाल ब्रीडन नावाचा बॅटर, समोरच्या टीमचे दोन जण बेसवर (म्हणजे रन पुरी करायच्या वाटेवरच्या थांब्यांवर), याला सिंकर टाकून एका बॉलमधे दोन आउट काढायचे होते. बॉल सोडला आणि काहीतरी विचित्र झालं. त्याच्या सांगण्यानुसार हात जणू दुसरीकडेच कुठेतरी राहून गेला. माणसाचा स्वभाव बघा, त्याने अजून एक बॉल टाकून बघितला. पुन्हा तेच. मग तो स्वतःच चालत बाहेर आला.

त्या काळात पिचरचं असं कोपर गेलं की करिअर संपलं, एवढं साधं होतं. 'डेड आर्म' म्हणायचे. नक्की काय तुटलंय हेही बरेचदा कळायचं नाही, एमआरआय नव्हते. त्याच डॉजर्सचा सँडी कूफॅक्स, डावखुऱ्या पिचर्समधला देवमाणूस, १९६६ मधे तीसाव्या वर्षी कोपरामुळेच घरी बसला होता, त्याला कोपराचा संधिवात होता.

डॉजर्सचे डॉक्टर होते फ्रँक जोब. दुसऱ्या महायुद्धात १०१ एअरबोर्न या अमेरिकेच्या छत्रीधारी सैन्याबरोबर वैद्यकीय तुकडीत होते, परत आल्यावर शिकून डॉक्टर झाले, मग हाडांचे सर्जन. त्यांनी आधी विश्रांती देऊन बघितली. काही आठवडे गेले, टॉमीने बॉल टाकून बघितला, काही दम नाही. मग जोब यांच्या डोक्यात आलेली गोष्ट अशी की पोलिओच्या पेशंटमधे आणि हाताच्या ऑपरेशनमधे एका जागचं टेंडन काढून दुसरीकडे जोडतात, ते वर्षानुवर्षं चालू आहे. मग तसलंच टेंडन लिगामेंटच्या जागी बसवलं तर? कोपरात, आणि तेही परत पिचिंग करण्यासाठी, हे तोवर कुणी केलेलं नव्हतं.

टॉमीने विचारलं चान्स किती. जोब म्हणाले शंभरात एक. आणि ऑपरेशन नाही केलं तर? तर शून्य. टॉमीचा हिशोब असा की एक हा शून्यापेक्षा मोठा आहे. वय ३१.

२५ सप्टेंबर १९७४ ला ऑपरेशन झालं. आता टेंडन आणलं कुठून, तर त्याच्याच उजव्या मनगटातून. इथे एक गंमत करून बघा. हाताचा अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर उठलेली दिसली का? ती पामारिस लाँगस. या स्नायूचं आज आपल्याला जवळपास काही काम नाही, काढला तरी पकड कमी होत नाही. साधारण १५ टक्के लोकांना तो जन्मतःच नसतो, कुणाला एकाच हातात नसतो. (मी हे वाचल्यावर घरातल्या सगळ्यांचे हात तपासले, बायकोच्या डाव्या हाताला नाहीये, तिला इतकी वर्षं पत्ता नव्हता.) ज्यांना नसतो त्यांच्यासाठी मांडीच्या मागचं टेंडन घेतात.

तर ही दोरी काढली, कोपराच्या वरच्या आणि खालच्या हाडाला ड्रिलने भोकं पाडली, आणि इंग्रजी आठच्या आकारात ती त्या भोकांमधून ओवून घट्ट बांधली. खाटेची सुंभाची दोरी ओवतात ना, तत्त्व तेच. पण खरी कमाल पुढची आहे. टेंडन बसवलं की लगेच लिगामेंट होत नाही. कापून आणलेल्या टेंडनमधे रक्तपुरवठा नसतो, त्यातल्या मूळच्या पेशी मरतात, नुसता सांगाडा उरतो. मग हळूहळू आजूबाजूने नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात, आणि ताण ज्या दिशेने पडतो त्या दिशेने धागे लावून घेतात. महिनोन् महिने हे काम चालतं आणि शेवटी ते बरंचसं लिगामेंटसारखं वागायला लागतं. म्हणून तर या ऑपरेशननंतर पिचरला १२ ते १८ महिने बसावं लागतं. घाई केली तर तो सांगाडाच तुटतो, आणि अजिबात ताण दिला नाही तर धाग्यांना कळत नाही कुठल्या दिशेला लागायचं. रिहॅब म्हणजे या दोन्हीच्या मधली तारेवरची कसरत.

टॉमीला अजून एक भोग होता. ऑपरेशननंतर ती करंगळीकडे जाणारी नस अडकली, डाव्या हाताची बोटं वाकडी व्हायला लागली, पंजा पक्ष्याच्या नखासारखा आखडला आणि हात वाळायला लागला. डिसेंबरमधे परत ऑपरेशन, नस मोकळी करून दुसऱ्या वाटेने नेली. आता नस वाढते दिवसाला एखादा मिलिमीटर. कोपरापासून बोटापर्यंतचं अंतर मोजा आणि गुणाकार करा, वर्षभर जातं. तोवर बोटांत संवेदना नाही, जोर नाही, आणि हा माणूस बायकोला समोर उभं करून तिच्याकडे बॉल फेकायचा. १९७५ चा अख्खा सीझन त्याने असाच घालवला, एक बॉलही मॅचमधे टाकला नाही. टीममधलाच एक पिचर होता माइक मार्शल, शरीरशास्त्राचा अभ्यास करणारा जरा हटके माणूस, त्याने याला फेकायची पद्धत बदलायला लावली, पाय कसा टाकायचा, अंग बॅटरच्या दिशेला सरळ कसं ठेवायचं, म्हणजे कोपरावर वळवणारा जोर कमी येतो.

एप्रिल १९७६ ला परत आला. त्या वर्षी १० जिंकल्या १० हरल्या, पुनरागमनाचं बक्षीस मिळालं. बस, इथेच गोष्ट संपली असती तरी चमत्कारच होता. पण १९७७ ला २० विजय, मग न्यू यॉर्कच्या यँकीज टीमकडे गेला आणि १९७९ ला २१, १९८० ला २२. वीसचा आकडा पिचरसाठी म्हणजे बॅट्समनच्या सीझनमधल्या हजार रन्ससारखा, आणि त्याने तो चार वर्षांत तीनदा गाठला, वयाच्या ३४ ते ३७ मधे, उधारीच्या दोरीवर. ऑपरेशनच्या आधी त्याचे विजय १२४, नंतरचे १६४.

त्याचा एक विनोद प्रसिद्ध आहे. तो सांगायचा, मी डॉक्टरांना म्हटलं हात उघडलाच आहे तर त्यात कूफॅक्सचा फास्टबॉल बसवा, तर त्यांनी बसवला खरा, पण मिसेस कूफॅक्सचा. विनोद बाजूला ठेवा, यात खरं कारण दडलंय. वेगावर जगणारा पिचर असता तर थोडा जरी वेग कमी झाला असता तरी संपला असता. याचं दुकानच वेगळं होतं. अचूक जागा, हालचाल, डोकं. नवीन लिगामेंटला त्याने कधी पूर्ण ताण दिलाच नाही असं मला तरी वाटतं.

नशीब मात्र कायम उलटं. १९७४ ला डॉजर्स वर्ल्ड सिरीजमधे, म्हणजे सीझनच्या शेवटच्या फायनलमधे गेले तेव्हा हा हात बांधून बसलेला, ते हरले. १९७७ आणि १९७८ ला डॉजर्सकडून खेळला, दोन्ही वेळा यँकीजकडून हरला. म्हणून मग यँकीजमधे गेला, तर १९८१ ला यँकीज समोर डॉजर्स, आणि यावेळी जिंकले डॉजर्स! त्यातही सहाव्या मॅचमधे स्कोअर १-१ असताना मॅनेजर बॉब लेमनने चौथ्याच इनिंगमधे याच्या जागी बॅटिंगला दुसरा पाठवला, म्हणजे याची पिचिंग बंद. डगआउटमधला त्याचा चेहरा कॅमेऱ्याने टिपलाय, विश्वासच बसत नाहीये असा. यँकीज ९-२ ने हरले. वर्ल्ड सिरीजची अंगठी त्याला खेळाडू म्हणून कधी मिळालीच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमधे त्याचा दोन वर्षांचा मुलगा खिडकीतून खाली पडून कोमात गेला होता. देव तारी त्याला, पोरगं वाचलं. त्यापुढे वर्ल्ड सिरीज काय घेऊन बसलात.

आणि एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण २८८ विजयांपेक्षा मला ही जास्त आवडते. २७ जुलै १९८८, वय ४५, समोर मिलवॉकी. एक हलका सरपटी बॉल त्याच्याकडे आला, तो याने हातातून सोडला, एक चूक. मग घाईत पहिल्या बेसला फेकला तो लांब गेला, दोन चुका. बाहेरून फील्डरने घरच्या बेसकडे फेकला तर याने मधेच पकडून कॅचरकडे फेकला तोही भलतीकडे, तीन. एकाच बॉलवर एकाच माणसाच्या तीन चुका, हे करायलासुद्धा प्रतिभा लागते. मॅच यँकीजनी १६-३ ने जिंकली म्हणून सगळे हसले.

मे १९८९ ला थांबला, ४६ व्या वर्षी. सुरुवात केली तेव्हा आपल्याकडे पंतप्रधान नेहरू होते, थांबला तेव्हा राजीव गांधी, आणि सचिन कराचीत उतरायला सहा महिने बाकी होते. त्याच्या दाताच्या डॉक्टरचा मुलगा मार्क मॅग्वायर, मोठा होऊन याच्याच बॉलिंगवर फटके मारायला लागला, तेव्हा हा म्हणाला की डेंटिस्टचं पोरगं आपल्याला धुवायला लागलं की रिटायर व्हायची वेळ झाली समजायचं.

आता ऑपरेशनकडे परत, कारण मावशीचा खरा प्रश्न तो होता.

जोब यांनी पहिल्या केसनंतर लगेच दुकान उघडलं नाही. दुसरा पिचर ब्रेंट स्ट्रॉम, १९७८ मधे, आणि तो परत कधी मोठ्या लीगमधे खेळू शकला नाही (पुढे पिचिंग कोच म्हणून मात्र नाव काढलं). नाव कसं पडलं तर ऑपरेशनचं खरं नाव इतकं लांबलचक की सारखं कोण म्हणणार, म्हणून जोबच 'टॉमी जॉनला केलं ते' असं म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. हळूहळू तंत्र सुधारलं, नसेला कमी हात लावायला लागले, भोकं लहान झाली. आज मोठ्या लीगमधे साधारण दर तीन पिचर्समधे एकाचं हे ऑपरेशन झालेलं असतं, आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक परत खेळतात. शंभरात एकवरून इथवर. जॉन स्मोल्ट्झ या पिचरचं २००० मधे झालं आणि २०१५ ला तो हॉल ऑफ फेममधे, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला, टॉमी जॉन करून तिथे पोचलेला पहिला. आजचा जपानी स्टार शोहेई ओहतानीच्या कोपराला दोनदा हात लागलाय, २०१८ आणि २०२३. आता काही जणांचं जुनं लिगामेंटच शिवून त्यावर आधाराची टेप लावतात, त्यात परतायला वेळ कमी लागतो, पण ते प्रत्येकाला चालत नाही, लिगामेंट कुठे आणि किती फाटलंय त्यावर आहे.

मग प्रॉब्लेम काय? ऑपरेशन इतकं चांगलं झालं की लोकांची भीतीच गेली. काही आईबाप आणि कोच अजून समजतात की टॉमी जॉन केलं की पोराचा वेग वाढतो, कार ट्यूनिंग केल्यासारखं. साफ खोटं. वेग वाढलेला दिसतो तो वर्षभर केलेल्या व्यायामाचा, आणि दुखणारं कोपर दुखायचं थांबल्याचा. पण या समजापायी काय झालं बघा. २००७ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की ही ऑपरेशन्स ज्यांच्यावर झाली त्यातले जवळपास ५७ टक्के १५ ते १९ वयाचे होते. टॉमी जॉन ३१ चा होता हो. अकरा वर्षं मोठ्या लीगमधे घासून मग त्याची दोरी तुटली. या पोरांची दोरी अजून नीट वळलेलीच नाही.

याला कारण वेग. २००८ च्या सुमाराला फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१-९२ मैल होता, आता ९४ च्या पुढे गेलाय. प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने. टॉमीच्या काळात पिचर नऊ इनिंग टाकायचा म्हणून हातचं राखून टाकायचा, महत्त्वाच्या वेळी जोर लावायचा. आज पाच इनिंग टाका, सगळं ओता, पुढचा येईल. स्नायू बळकट करता येतात, लिगामेंट त्या प्रमाणात बळकट होत नाही, ही खरी मेख आहे. इंजिन मोठं बसवलं पण बिजागरी तीच. डिसेंबर २०२४ मधे खुद्द मेजर लीग बेसबॉलने दुखापतींवर मोठा रिपोर्ट काढला, त्यातही हेच, वेगाचा हव्यास आणि प्रत्येक बॉलला पूर्ण जोर.

आणि पोरं बारा महिने पिचिंग करतात, शाळेची टीम, मग क्लब, मग ज्या शिबिरात वेग मोजायची रडार गन घेऊन माणसं बसलेली असतात ते. स्मोल्ट्झने हॉल ऑफ फेमच्या भाषणात भर स्टेजवरून आईबापांना सांगितलं की बेसबॉल हा बारमाही खेळ नाही. नियम आहेत, १३ ते १६ वयाला दिवसाला ९५ बॉल, १३-१४ वयाला ६६ किंवा जास्त आणि १५-१६ वयाला ७६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी, वर्षातून चार महिने तरी फेकणं बंद. पण पोरगं दोन टीममधे खेळत असेल तर बेरीज कोण करतं? माझ्या मावसभावाच्या घरी तरी कुणी केली नव्हती.

मावशीने एक हुशार प्रश्न विचारला, मग आपल्या बुमराहला हे का नाही होत? कारण क्रिकेटमधे कोपर सरळ ठेवायचं असतं, १५ अंशांपेक्षा जास्त उघडलं तर तो थ्रो. कोपराला झटका मिळत नाही तर कोपर फाटणार कसं. तो सगळा भार कमरेत जातो, म्हणून आपल्या फास्ट बॉलर्सच्या मणक्याच्या हाडाला चीर जाते. प्रत्येक खेळ शरीराकडून वेगळी जागा भाड्याने घेतो. भालाफेकीत मात्र हेच यूसीएल जातं, हालचाल बरीचशी तशीच. नीरज चोप्राच्या उजव्या कोपराचं २०१९ मधे मुंबईत ऑपरेशन झालं होतं, ते टॉमी जॉन नव्हतं, पण भालाफेक कोपराचे काय हाल करते ते त्यावरून कळतं.

आता हॉल ऑफ फेम. तिथे जायला पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात. टॉमी जॉन १५ वर्षं यादीत होता, शेवटच्या वर्षी, २००९ ला, सगळ्यात जास्त ३१.७ टक्के मिळाली. आडवं येतं ते ३०० विजयांचं एक अलिखित गणित, याचे १२ कमी पडले. १९७४ चा उरलेला सीझन आणि १९७५ अख्खा ऑपरेशनमधे गेला, त्यात १२ सहज झाले असते. म्हणजे ज्या कोपराने नाव अमर केलं त्यानेच दार बंद केलं. फ्रँक जोब यांचा २०१३ मधे कूपर्सटाउनला, म्हणजे हॉल ऑफ फेमच्या गावी सन्मान झाला, पुढच्या वर्षी मार्चमधे ते गेले. माझं विचाराल तर डॉक्टर आणि पेशंट दोघांना एकाच दिवशी आत घ्यायला हवं होतं, कारण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही, पण आपल्याला कोण विचारतंय.

डिसेंबर २०२४ मधे जुन्या खेळाडूंसाठीच्या १६ जणांच्या समितीसमोर त्याचं नाव परत आलं. आठ नावं होती, १२ मतं हवी होती, याला ७ पडली. त्या दिवशी दोघे निवडून आले, डेव्ह पार्कर आणि दुसरा कोण, तर डिक अ‍ॅलन. तोच, ज्याच्या बदल्यात १९७१ मधे याला देऊन टाकलं होतं. अ‍ॅलनला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं, पाऊण तास गेला. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते सगळं ठीक आहे रे, पण आपल्या पोराचं काय?" पोराचं असं आहे की लिगामेंट अर्धवटच फाटलंय, डॉक्टरांनी ऑपरेशन तूर्त नको म्हटलंय, तीन महिने बॉलला हात लावायचा नाही, मग बघू. तो वैतागलाय. मी त्याला व्हिडिओ कॉलवर अंगठा आणि करंगळी टेकवायला लावली. दोन्ही मनगटांत दोरी आहे.